नऊ आयांचं बाळ

युलालीच्या मांडीवरचं बाळ मघापासून हूं की चूं करत नव्हतं. करणार कसं, ते पिठाचं होतं. चांगलं दहा पौंड गव्हाचं पीठ, उशीच्या अभ्र्यात शिवलेलं, वर विणलेलं टोपडं आणि दुपटं.

"इतकं गोरं पोर," शेजारी बसलेली सुमिंत्रा म्हणाली. "आणि तू ही अशी काळीकुट्ट. नवऱ्याला काय सांगशील गं?"

"सांगेन, पोटुशी होते तेव्हा दूध फार प्यायले."

अख्खी मिनीबस खिदळली. नऊजणी होत्या, पाच हिंदुस्थानी, ऊसमळ्यांवर आणलेल्या मजुरांच्या नाती, आणि चार काळ्या, नुसत्या मिसळून बसलेल्या. द्रुपतीने तर हायसिंथच्या खांद्यावर डोकं टाकून डुलकीही काढली होती. सरकारने गव्हाच्या पिठावर बंदी घातल्यापासून त्या नदीपलीकडून, सुरिनामहून, चोरून पीठ आणत. तांदळाच्या पिठाची रोटी तव्यावरच तुटायची, आणि पाव म्हणजे तर वीट. शनिवारी युलालीच्या अंगणातल्या भट्टीत आधी पाव भाजायचे, मग त्याच निखाऱ्यांवर सुमिंत्राचा तवा चढायचा. नऊ घरं पोटभर जेवायची.

युलाली एकदा पकडली गेली होती. पुन्हा सापडलीस तर सहा महिने आत, असं मॅजिस्ट्रेटने तिला बजावलं होतं. तरी बाळ तिच्याकडेच, कारण तिच्याइतकं हुबेहूब थोपटायला दुसऱ्या कुणाला जमत नसे. त्यावर हायसिंथने तोडगा काढला होता.

"शिपायाने विचारलं, बाळ कुणाचं, तर सगळ्यांनी उठायचं. माझं म्हणायचं. टाक म्हणावं नऊ आयांना कोठडीत. दोन बाकांची तर कोठडी आहे मेल्यांची."

सगळ्यांनी शपथ घेतली. शाळेच्या रिकाम्या खोलीत तालीमसुद्धा झाली. नऊजणी एकदम उठून 'माझं' म्हणाल्या तेव्हा हसून हसून द्रुपतीला उचकी लागली होती.

आज निघताना सुमिंत्राने एक जास्तीचं केलं. डोळ्यातलं काजळ बोटावर घेतलं आणि टोपड्याखालच्या कापडी कपाळावर तीट लावली. तिच्या घरी लेकरू असं कोऱ्या कपाळाने बाहेर जात नसे.

"दृष्ट लागायला नको माझ्या भाचीला," ती म्हणाली.

पुलाच्या अलीकडे शिपायांनी बस अडवली. सगळ्यांना खाली उतरवलं, पिशव्या उपसल्या, बाकं उचकटून बघितली. काही मिळालं नाही. "चढा," म्हणाले. बायका घाईघाईने चढल्या आणि बसल्या. एक तरुण शिपाई, युलालीसारखाच काळा, शेवटची नजर टाकायला आत आला.

"झोपलंय का गं, आई?" तो हसून म्हणाला आणि बाळावर वाकला.

वाकल्यावर त्याचं हसू गेलं.

"बाळ तुझं," तो म्हणाला, "आणि तीट या हिंदुस्थानी कुलींची?"

त्याने बोट फिरवलं. काजळ कापडावर पसरलं. मग त्याने नखाने शिवण उसवली.

"कुणाचं हे?"

 युलालीचा थोपटणारा हात थांबला. सुमिंत्राला घरी सासूजवळ ठेवलेली आठ महिन्यांची मुलगी आठवली, खरीखुरी, रडणारी. मग ती उठली.

"माझं."

शिपाई वळला. एकदा हिच्याकडे, एकदा तिच्याकडे बघितलं.

"दोघींचं? बरं. आणखी कुणी आई आहे का?"

इंजिन धडधडत होतं. सुमिंत्राने मागे बघितलं. द्रुपती पिशवीचा बंद बोटाला गुंडाळत होती, सोडत होती, पुन्हा गुंडाळत होती. हायसिंथ खिडकीबाहेरचा ऊस बघत होती, जन्मात कधी ऊस पाहिला नसावा तशी.

"चला मग दोघीच."

रस्त्यावर ऊन मी मी म्हणत होतं. शिपायाने बाळ जीपच्या टपावर टाकलं, पालथं. ते सरळ करायला युलालीचा हात आपोआप वर गेला. मग खाली आला.

"घरी तान्ही पोर आहे तुला," ती म्हणाली. "कशाला उठलीस?"

"तीट मी लावली होती."

"हं." युलालीने फाटक्या शिवणीतून गळणाऱ्या पिठाकडे बघितलं. "आणि दुसरीने लावली असती तर?"

 एवढ्यात बस सुटली आणि दोघींच्या अंगावर धूळ आली. अलीकडच्या खिडक्यांत द्रुपती दिसली, तिच्यामागे बाकीच्या तिघी हिंदुस्थानी, माना खाली घातलेल्या. पुलाकडे बस वळली तेव्हा पलीकडची बाजू दिसली. तिथे हायसिंथ होती, आणि उरलेल्या दोघी काळ्या.

येताना त्या मिसळून बसल्या होत्या. परत चढताना वेगवेगळं बसा असं कुणीच कुणाला सांगितलं नव्हतं.