किटलीचा कच्चा जोड

"मिस्त्री, मूठ पुन्हा निघाली बघा," म्हणत तिने पितळी किटली टेबलावर ठेवली आणि पिशवीतून सुटी मूठ काढून शेजारी मांडली. मिस्त्रीने वेल्डिंगचा काळा चष्मा कपाळावर चढवला. काहीतरी गमतीचं बोलायला तोंड उघडलं आणि ते तसंच राहिलं. तिच्या उजव्या हाताला मनगटापासून बोटांपर्यंत बँडेज होतं.

सोबत मुलगी आली होती. तिने आईला स्टुलावर बसवलं, वडिलांचा दंड धरून त्यांना सिलिंडरांपाशी नेलं आणि आवाज दाबून म्हणाली, "बाबा, आत उकळतं पाणी होतं. उचलायला गेली आणि मूठ सुटली. नशीब, तोंडावर नाही उडालं."

मिस्त्री सिलिंडरची चावी उगाचच आवळू लागला.

"अख्ख्या गल्लीची गेटं तुम्ही जोडलीत. एक कधी निखळलं नाही. आणि एवढीशी मूठ तुमच्याच्याने धरेना?" बापाच्या चेहऱ्याकडे बघता बघता तिचा स्वतःचा चेहरा उतरला. "बाबा... तुम्ही मुद्दाम कच्ची जोडत होतात?"

तेच करत होता तो. घरात पाऊल टाकलं की बायको किंचाळायची, हा कोण परका माणूस म्हणून आतून कडी लावून घ्यायची. ती झोपली की चोरासारखं आपल्याच घरात शिरायचं आणि ती उठायच्या आत बाहेर पडायचं, असं त्याचं चाललं होतं. इथे मात्र ती आपल्या पायांनी यायची, स्टूल ओढून बसायची, तास तास गप्पा मारायची. नवरा म्हणून तो तिच्या डोक्यातून पार पुसला गेला होता. मिस्त्री म्हणून अजून शिल्लक होता. मग माणूस काय करील? मुठीला कथलाचं सोल्डर लावायचा. ती किटली शेगडीवर विसरली, पाणी आटलं, की सोल्डर पाघळायचं आणि ही पुन्हा दारात हजर. भरल्या किटलीच्या वजनानेही तो कच्चा जोड दगा देईल, हे त्याच्यासारख्या कारागिराला सुचू नये! की सुचलं होतं आणि त्याने मनावर घेतलं नव्हतं?

"तुमची कुजबुज झाली असेल तर कामाला लागा," ती स्टुलावरून म्हणाली. "आणि काय करणार ते आधी सांगा. नाहीतर फसवाल मला."

हे ती दर वेळी विचारायची, पहिल्यांदाच विचारल्यासारखं. त्यानेही पहिल्यांदाच सांगितल्यासारखं सांगितलं. "तीन तऱ्हा आहेत, बाई. सोल्डरिंगला आच थोडी लागते. मधलं कथील तेवढं वितळतं, तुकडे जसेच्या तसे. पण पुन्हा तापलं की सोडून देतं."

"भाडेकरूच म्हणा की."

"ब्रेझिंगला तुकडे लाल होईपर्यंत तापवायचे. वितळते मधली सळईच, पण धरते घट्ट. आणि वेल्डिंगमध्ये दोन्ही तुकडेच वितळतात. मग एक कुठे संपला आणि दुसरा कुठे सुरू झाला, काही कळत नाही."

"अगं बाई! मग भांडायचं कोणी कोणाशी?"

ती आपल्याच विनोदावर खळखळून हसली. तोही हसला. या हसण्यासाठीच तर सगळा खटाटोप होता.

"वेल्डिंगच करून टाका मग," मुलगी म्हणाली.

"पितळ पातळ आहे. भोक पडेल."

त्याने खण उघडला. सोल्डरचं वेटोळं वरच होतं. हात सवयीने तिकडे गेला आणि घुटमळला. शेवटी त्याने तळाशी हात घालून ब्रेझिंगची, चांदी मिसळलेली सळई काढली. मुठीवरचं जुनं सोल्डर कानशीने खरवडायला घेतलं. कणभर राहिलं तरी पक्का जोड बसत नाही हे खरं, पण आज तो उगाचच रेंगाळत होता. मग ज्योत पेटवली. पितळ मंद लाल झालं, सळईचं टोक पाघळलं आणि जोडाच्या फटीत सरसर शिरलं. ज्योत विझवल्यावरही त्याने काळा चष्मा काढला नाही. त्याला रडू आवरत नव्हतं.

किटली पाण्यात निववून, पुसून त्याने तिच्यापुढे धरली. "घ्या. आता जन्मात निघायची नाही."

तिने डाव्या हाताने मूठ धरून हिसका दिला. मग किटली गुडघ्यांत दाबून धरली आणि आणखी जोराने ओढून पाहिली. मूठ हलली नाही. तिच्या चेहऱ्यावरचं हसू मावळलं.

"पक्कीच झाली की हो," ती म्हणाली. "मग आता मी काय घेऊन येऊ?"