दुपारचं चांदणं

छायालेखक हा चित्रपटाचा डोळा असतो, असं दिनानाथ चौधरींनी एका कॉलेजच्या स्नेहसंमेलनात खणखणीत आवाजात सांगितलं होतं. बावन्न सालच्या कार्तिकात हा डोळा वटार गावच्या एका केळीच्या वाडीत सकाळपासून वेताच्या खुर्चीवर बसला होता आणि मिटत होता.

चांदण्यातलं गाणं घ्यायचं होतं, म्हणून वेळ भर दुपारची. कॅमेऱ्यापुढे लाल काच बसवली की कृष्णधवल फिल्मवर निळं आभाळ काळं उतरतं आणि उन्हाचं चांदणं होतं. ही काच बसवणं एवढं एकच काम दिनानाथ स्वतःच्या हाताने करत. मात्र त्याला आभाळ निळं लागतं, आणि ते सकाळपासून पांढरं होतं. काचेतून लाल ओठ फटफटीत दिसतात म्हणून चॉकलेटी ओठ रंगवलेली नायिका केळीखाली जांभया देत होती. उभ्या आयुष्यात ढगांनी इतकं ताटकळवलं होतं की दिनानाथांना त्यांचा रागही येईनासा झाला होता.

आज मात्र शेजारच्या खोक्यावर उमेळ्याचे बागायतदार रामचंद्र राऊत गुडघ्यांत छत्री धरून बसले होते. दिनानाथांच्या मुलीसाठी, मंदासाठी राऊतांच्या मुलाचं स्थळ सांगून आलं होतं. मुलगी पसंत होती, पत्रिकाही जुळली होती. फक्त मुलीचा बाप सिनेमात नेमकं काय करतो ते डोळ्यांनी बघूनच होकार द्यायचा, असं ठरवून राऊत आले होते. मंदाची याआधीची दोन स्थळं ‘सिनेमा’ म्हणताच उठून गेली होती.

“यंत्र कोण चालवतो?” राऊतांनी विचारलं.

“तो निकोलस. माझा सहायक.”

“आणि ते चंदेरी कागद लावलेले फळे धरून उभे आहेत ते?”

“ते तोंडावर उजेड पाडतात.”

“मग तुम्ही?”

“मी सांगतो.”

“काय सांगता?”

दिनानाथांनी जरा विचार केला. “थांबा म्हणून.”

राऊत नुसतं “हं” म्हणाले. असला ‘हं’ दिनानाथांनी दोनदा ऐकला होता.

“म्हणजे असं भाऊ, आम्ही दिवसाची रात्र करतो,” ते घाईने म्हणाले.

“ती आमचा धाकटा पण करतो. ताडी ढोसून.”

तेवढ्यात ढग फाटला. “चौधरी, ऊन!” दिग्दर्शक ओरडला.

दिनानाथ उठले. त्यांनी बाह्या सारल्या. “निकोलस, हो बाजूला!” म्हणत कॅमेरा तीन पायांच्या तिकाटण्यासकट खांद्यावर घेऊन चार पावलं पुढे रोवला. फळेवाल्यांवर खेकसले, एक फळा स्वतःच ओढत नेला. गुडघे वाजले, त्यांच्याकडे लक्ष दिलं नाही. मग कॅमेऱ्याला डोळा लावून आख्खा अंतरा त्यांनी स्वतः घेतला. मधूनच तिरक्या नजरेने बघितलं, तर राऊत चक्क उठून उभे राहिले होते.

गाणं थांबलं. दिनानाथ घाम पुसत खोक्याशी आले.

“बघितलंत ना भाऊ?”

“बघितलं.” राऊतांनी छत्री उघडली. “खरं सांगू? मघाशी बरं वाटलं होतं. म्हटलं, माणूस खुर्चीत बसतो आणि दहा जण त्याच्या बोटावर हलतात. आमच्या वाडीत मी तरी कुठे कुदळ धरतो? आता बघतो तर ओझी तुम्हालाच उचलावी लागतात.” ते बांधाकडे वळले. “मुलाच्या आईला विचारून कळवतो.”

बांधावरून छत्री निघून गेली.

“दादा,” मागून निकोलस हळूच म्हणाला. त्याच्या हातात फडक्यात गुंडाळलेली लाल काच होती. “दोनदा हाक मारली. तुम्ही ओरडत होता.”

दिनानाथांनी काचेकडे बघितलं, मग बांधाकडे. आभाळ पुन्हा पांढरं झालं होतं. ते खुर्चीत बसले.

“पुन्हा घ्यावं लागेल,” ते म्हणाले.

घ्यावं लागलं नाही. पुढच्याच महिन्यात निर्मात्याने चित्रपट गुंडाळला, आणि वाडीच्या मालकाने केळी काढून पानवेल लावली.