बिंदूपर्यंत पोचलेला शब्द

मेंदूतल्या रक्तस्रावानंतर वसुमतीबाईंचं सगळं शरीर लुळं पडलं, वाचाही गेली. कानामागे बसवलेली पातळ चुंबकीय फीत तेवढी त्यांच्यासाठी बोलायची. मनात विचार आला की फितीवर लहरी उठत, एका बिंदूवर एकवटत आणि उशाजवळच्या स्पीकरमधून शब्द बाहेर पडत. पण आईच्या तक्रारींना कंटाळून श्रीरंगने लहरींच्या वाटा बदलून घेतल्या होत्या. आता अन्नपाण्याची मागणी तेवढी बिंदूपर्यंत पोचे. बाकीचं सगळं मधेच विरून जाई.

आज त्यांची धाकटी बहीण कुमुद भेटायला आली होती.

"ताई, इथे बरी आहेस ना?"

मला घेऊन चल, वसुमतीबाईंनी जिवाच्या आकांताने विचार केला. स्पीकर गप्पच राहिला.

"बघ ना मावशी, किती शांत झालीय आई," श्रीरंग म्हणाला.

कुमुदने पर्स उचलली. जाऊ नकोस, वसुमतीबाई मनात म्हणत राहिल्या. ती दारापाशी पोचली तेव्हा त्यांना बाहेर पडू शकणारा एक शब्द सापडला.

"पाणी," स्पीकर म्हणाला.

कुमुद परत आली. पलंगावर टेकून तिने चमच्याने पाणी पाजलं आणि ती उठायला गेली.

"पाणी," स्पीकर पुन्हा म्हणाला.