खिडकीतली मॅच

१९९१ची दिवाळी नुकतीच सरली होती. गावातल्या एकुलत्या एका रंगीत टीव्हीवर भारत-दक्षिण आफ्रिका मॅच बघायला आमची अख्खी टीम बंडोपंतांच्या बैठकीत सतरंजीवर बसली होती. ज्याच्या जिवावर आम्ही फायनलला पोचलो होतो, तो फास्ट बॉलर सटवा तेवढा बाहेर, खिडकीचे गज धरून उभा होता; कारण मांगवाड्यातल्या माणसानं त्या घराचा उंबरा ओलांडायचा नाही, हे कुणाला सांगावं लागत नव्हतं. बंडोपंत सुपारी कातरत आम्हाला समजावत होते, "तिथल्या गोऱ्यांनी काळ्यांची वस्ती वेगळी केली, पाणी वेगळं केलं, बसायची बाकं वेगळी केली. म्हणून जगानं त्या देशाला एकवीस वर्षं वाळीत टाकलं, कुणी खेळायला घेतलं नाही. आता ते कायदे मोडीत काढले, तेव्हा कुठं आपण बोलावलं." "बराबर केलं," म्हणत आम्ही माना डोलावल्या. "काका," खिडकीतून सटवानं विचारलं, "मंग आपल्या देशासंगं समदे काहून खेळून राहिले?" बंडोपंतांनी टीव्हीचा आवाज वाढवला. आमचा कॅप्टन विलास हसून म्हणाला, "ते सोड सटवा, उद्या गोरेगावशी फायनल हाय. सकाळी लवकर ये." सटवानं खिशातून टीमचा बॉल काढला आणि गजांतून हात आत घालून खिडकीत ठेवला. "येतो की," तो म्हणाला, "एकवीस वर्षांनी."