दाब, सोड

अण्णांनी होकार दिला, तरच वैजयंती उद्यापासून एकटी गाडी घेऊन दवाखान्यातल्या नोकरीवर जाणार होती. जन्मभर एसटी चालवलेले हे सासरे शेजारी बसून एकच धडा घोकून घेत होते. “ओल्या रस्त्यावर ब्रेक दाब, सोड, दाब, सोड. दाबूनच ठेवलास तर चाकं जाम होऊन गाडी घसरते.”

ओल्या वळणावर रेडकू आडवं आलं. तिनं ब्रेक दाबला तो दाबूनच धरला. पेडल पायाखाली थरथरू लागलं.

“अगं सोड, सोड,” अण्णा म्हणत राहिले. रेडकाला वळसा घालून गाडी सरळ थांबली.

“म्हातारा उगाच बडबडतोय, असं वाटलं का?”

“नाही हो अण्णा. तुमचं दाब-सोड आता गाडीच करते. पेडल थरथरलं ते त्यानंच.”

अण्णा उतरून तिच्या दाराशी आले.

“सरक तिकडे. मलाही आजच शिकव. उद्या तू नोकरीवर असशील.”