बिनधुराची गाडी

सकाळपासून वीज नव्हती आणि इमारतीचा डिझेल जनरेटर धडधडत होता. धूर थेट तळमजल्यावरच्या तिच्या खिडकीतून आत शिरला. बाळाची छाती घरघरायला लागली, तशी त्याचं नाक पदराआड झाकून ती तरातरा आवारात सेक्रेटरींसमोर जाऊन उभी राहिली.

"काका, जनरेटर लिफ्टपुरता चालवायचा असं ठरलं होतं ना? लिफ्ट तर महिनाभर बंदच आहे."

"अगं पोरी, विजेवरची गाडी चार्ज होतेय. तासाभराचा प्रश्न आहे. पर्यावरणासाठी आपणही थोडं सोसावं."

"डिझेल जाळून विजेची गाडी भरायची? मग डिझेलच का नाही ओतत तिच्यात? कोण हा दीडशहाणा, नाव सांगा. त्याला विचारते, तुझ्या घरात लहान लेकरू नाही का म्हणून."

काकांनी नजर चुकवत मागे बोट दाखवलं. नव्या कोऱ्या गाडीला वायर लावून तिचा नवरा उभा होता.

"संध्याकाळी सांगणार होतो तुला," जनरेटरच्या आवाजात त्याला ओरडूनच बोलावं लागत होतं. "जुनी गाडी देऊन टाकली. डॉक्टर म्हणाले ना, बाळाला धूर अजिबात चालणार नाही."