अंगठ्याचा डाग

सोन्याच्या वर्खाने सजवलेल्या हस्तलिखित पोथ्या जमवणाऱ्या म्हाताऱ्याला नव्याने आणलेल्या परदेशी पोथीत एक सोबती सापडला. चामड्याच्या पातळ पानांवर, प्रत्येक खालच्या कोपऱ्यात, कुण्या जुन्या वाचकाच्या अंगठ्याचा डाग होता. इतर संग्राहक असे डाग काढून टाकतात. हा मात्र त्यावरच अंगठा टेकवून रोज एक पान उलटायचा.

"दादा, एकट्याला करमतं का रे?" बहिणीने फोनवर विचारलं.

"एकटा कुठला? कुणीतरी माझ्याआधी वाचून ठेवतंय."

काल पोथी संपली. त्याने ती कपाटात बंद केली, तसं घर खायला उठलं.

आज बहिणीचं पत्र आलं. चिकटवलेलं पाकीट त्याने स्वतः फाडलं. "दादा, आता माझ्याकडेच राहायला ये," एवढंच लिहिलं होतं.

खालच्या कोपऱ्यात पोथीतलाच तो अंगठ्याचा डाग होता. अजून ओला.